आयपोमिया जातीचा राक्षस

ताडकळसच्या शाळेत मी सायन्सची बाई म्हणून रुजू झाले तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराचा वाद भरात होता आणि स्टाफरूममध्ये माझ्याशी जपून बोललं जायचं. पाऊस, परीक्षा, एसटीची वेळ, बस. आमचं घर परभणीतलं, बौद्ध. हे मी सांगायच्या आत माझ्या आडनावानं सगळ्यांना सांगून टाकलं होतं. एकटे चित्रकलेचे गुरुजी माझ्याशी बेधडक बोलायला आले, आणि तेही राक्षसाविषयी.

गुरुजी गावातल्या मोठ्या शेतकरी घरातले, निवृत्तीला टेकलेले. त्यांना इंग्रजी भयकथांच्या चित्रपुस्तकांचं वेड होतं. परभणीच्या स्टेशनाजवळच्या रद्दीवाल्याकडून ते गठ्ठेच्या गठ्ठे आणत. इंग्रजी त्यांना अजिबात येत नव्हतं. चित्रं बघून ते गोष्ट आपल्या मनानं जुळवत. त्या दिवशी त्यांनी कव्हर फाटलेलं एक पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. दलदलीतून एक अवाढव्य देह वर येत होता, अंगभर शेवाळ आणि मुळ्या.

"बाई, हे गडी काय म्हणायलाय तेवढं सांगा."

मी वाचून दाखवलं. दलदलीत मेलेला माणूस झाडपाला होऊन परत येतो आणि दिसायला भयंकर असूनही लोकांचं भलं करतो. गुरुजी गहिवरले. मी मात्र नुकतीच बॉटनी घेऊन पास झालेले, त्यामुळे असह्य होते. वनस्पतीला स्नायू नसतात, डोळे नसतात, आणि हा बाबा अंधारात हिंडतो तर अन्न कधी तयार करतो, असं मी त्यांना चांगलं अर्धा तास ऐकवलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग आपण बरोबर करून काढू.

शाळेचं हस्तलिखित दरवर्षी गुरुजीच सजवायचे. त्या वर्षी त्यातली सोळा पानं आम्ही आमच्या राक्षसाला दिली. दलदल शोधावी लागली नाही. कालव्याचं पाणी झिरपून गुरुजींचीच दोन एकर जमीन चिबड झाली होती. तिथं बैल गुडघ्यापर्यंत रुतायचे आणि बेशरमाशिवाय काही उगवत नव्हतं. बेशरम म्हणजे ते जांभळट फुलांचं झुडूप, बॉटनीत आयपोमिया, नाल्याकाठी माजणारं. तोडलं तरी फुटतं, उपटून फेकलं तर पडल्या जागी मूळ धरतं. आमचा नायक त्याचाच झाला. सालगडी असतो, मालक त्याला चिबडात ढकलून देतो, आणि पुढच्या पानावर बेशरमाच्या फांद्यांचे हात करून तो बाहेर येतो. माझ्या हट्टापायी तो सकाळी दहा ते चार उन्हात नुसता उभा राहायचा. राक्षस असं ऊन खात उभा असलेली दोन अख्खी पानं होती. गुरुजी म्हणाले, असलं ऐदी भूत त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

मालकाचं चित्र गुरुजींनी काढलं. छत्री, पोट, आणि मधोमध जुळलेल्या भुवया. मी विचारलं, हे आपल्या संस्थेच्या अध्यक्षांसारखे दिसत नाहीत का? गुरुजींनी चष्मा पुसला आणि भुवया कल्पनेतून आल्यात असं सांगितलं.

स्नेहसंमेलनात हस्तलिखित टेबलावर ठेवलं. तासाभरात बाकीच्या कवितांकडं कुणी ढुंकून बघेना. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचं बोलावणं आलं. ऑफिसात ते खुर्चीत, हेडमास्तर त्यांच्या बाजूला उभे, समोर आम्ही दोघं. आता नोकरी गेली, असं धरून मी चालले होते. पण भुवयांचा विषयच निघाला नाही. अध्यक्षांनी पानं उलटली, राक्षसावर बोट ठेवलं आणि मला विचारलं,

"ह्याची जात कोणती?"

दिवस असे होते की या प्रश्नाच्या उत्तरावर गावं पेटली होती. हेडमास्तर भिंतीवरच्या वेळापत्रकाकडं बघत राहिले. घाबरल्यावर मी नेहमी पाठ्यपुस्तकात शिरते, तशी शिरले.

"आयपोमिया," मी म्हणाले.

अध्यक्षांनी थोडा विचार केला. "हे कोणत्या बाजूचे लोक?"

मूळचे दक्षिण अमेरिकेचे, मी खरं तेच सांगितलं. गुरुजींना खोकल्याची उबळ आली आणि ते खिडकीशी गेले.

अध्यक्ष काही मूर्ख नव्हते. मग त्यांनी सरळच सांगितलं, की गावात लोक म्हणायलेत हा राक्षस वस्तीतला आहे आणि बाईंनी मुद्दाम काढलाय. वस्तीतले म्हणायलेत हा आमचाच आहे. उगीच कटकट नको. बेशरमाच्या जागी ज्वारीचा करा, कापसाचा करा, काहीतरी अब्रूचं पीक घ्या. हेडमास्तरांना ही तोड फार आवडली. मी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींना निवृत्तीला दीड वर्ष होतं, आणि अध्यक्ष नात्यानं त्यांचे मेहुणे लागत.

गुरुजी म्हणाले, "ज्वारी कुणीबी कापून नेतंय. ह्याला जनावर तोंड लावत न्हाई, म्हणून तर हा उरलाय. बदलणार न्हाई."

मग मीही बदलणार नाही म्हणाले. खरं सांगायचं तर त्यांच्यानंतर म्हणाले, आणि बरंच हळू.

हस्तलिखित जप्त झालं. अध्यक्ष ते स्वतःच्या घरी घेऊन गेले. आठवडाभरानं त्यांच्या पत्नीचा निरोप आला, बाईंना घरी पाठवा. त्या घराच्या ओसरीपलीकडं मी कधी गेले नव्हते. त्यांनी मला थेट स्वयंपाकघरात नेलं, पाटावर बसवलं आणि हस्तलिखित पुढ्यात ठेवलं. त्यांना वाचता येत नव्हतं. चित्रं पाहून आठ दिवस झोप नाही, म्हणाल्या, आता काय लिहिलंय ते ऐकू द्या. मी सोळाही पानं वाचली. भुवयांवर त्या पदर तोंडाला लावून हसल्या. शेवटी मालक चिबडात रुततो तिथं त्यांनी नुसती मान हलवली. मग विचारलं,

"त्याच्या बायकोचं काय झालं मग?"

बायको आम्ही काढलीच नव्हती. क्लोरोफिलचा हिशेब मी चोख ठेवला होता, पण मेलेल्या सालगड्याला घर असेल हे ना मला सुचलं ना गुरुजींना. मी तसं कबूल केलं. मेल्यावर तो गावभर हिंडतो आणि घरी जात नाही, हे काही त्यांना पटेना. चहा झाला. निघताना म्हणाल्या, काढा तिला. वाचायला तुमीच या.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना हे सांगितलं. ते बराच वेळ पेन्सिलीला टोक करत राहिले. नंतरच्या उन्हाळ्यात आम्ही दुसरा भाग केला, शाळेसाठी नव्हे, त्या एका ऐकणारीसाठी. त्यात राक्षस घरी येतो. शेजारीपाजारी पळून जातात. बायको त्याच्या बसण्याच्या ढबीवरून त्याला ओळखते आणि आताच सारवलेल्या जमिनीवर चिखल आणला म्हणून त्याला झाडते. मग त्याला अंगणात उन्हाला बसवते आणि त्याच्या मुळाशी तांब्याभर पाणी घालते. हे शेवटचं माझ्या बॉटनीत बसत होतं, म्हणून मी हरकत घेतली नाही.

मी ते त्याच स्वयंपाकघरात वाचून दाखवलं. मधेच अध्यक्ष दारात येऊन उभे राहिले, पाण्याचं निमित्त करून. पाणी पिऊन झालं तरी ते हलले नाहीत. पत्नीनं त्यांना खाली बसायला सांगितलं, आणि मी पान उलटलं.