दोष कापसाचा नव्हता

माझा बाप पांढुर्ण्याच्या एका जिनिंगमध्ये कापूस लोटायचा. चाळिशीतच त्याचा दम कोंडायला लागला. जेवतानाही मधे थांबायचा. तो गेला तेव्हा सगळे म्हणाले, छातीत कापूस भरला. मायनं मग माझ्या धाकट्या भावाला जिनिंगच्या फाटकापाशीही जाऊ दिलं नाही. आधी नागपूरला शिकायला पाठवलं, तिथून तो अमेरिकेला गेला. मी चौथीनंतर घरीच.

ऐंशीची सालं संपत आली तेव्हा तो पोळ्याला घरी आला. बिडीला कधी शिवला नाही, तरी स्टेशनचा पूल चढताना मधेच कठड्याला टेकला. बाप टेकायचा तसाच.

घरी आल्यावर मायनं विचारलं, "तिथं बी कापूस हाये का रे?"

"नाही माय. हे कापसाचं नाही, रक्तातलं हाये."

शरीर रोगाशी लढतं तेव्हा छातीत आग पेटते. ती आवरणारी एक वस्तू रक्तात असते. त्याच्यात ती जवळजवळ नव्हती, म्हणून ती आग त्याचीच फुप्फुसं खाऊन राहिली होती. हे उणेपण आईबाप दोघांकडून येतं, बापालाही हेच असणार, असं त्यानं सांगितलं.

"माह्याकडून बी?"

"हो. तुह्यात अर्धं असन, म्हणून तुले काही झालं नाही."



तिकडे नुकतंच औषध निघालं होतं. दर आठवड्याला शिरेतून घ्यायचं. त्यानं बाटल्या बर्फाच्या डब्यातून आणल्या होत्या. गावातल्या औषधाच्या दुकानातल्या फ्रिजात त्या ठेवल्या. कंपाउंडरनं घरी येऊन एक खुंटीला टांगली, भावाच्या हाताला सुई लावली.

"कशाचं हाये हे?" मायनं विचारलं.

"माणसाच्या रक्तातलं. हजारो लोकांचं एकत्र करतेत, त्यातून काढतेत."

"कोन्त्या जातीचे?"

तो हसला, खोकला. "ते बाटलीले बी माहीत नाही, माय."

मी हात पुढे केला. "परक्यांचं काहून? माहं घे."

"तुह्यात बी उणंच असन, अक्का. आन एकाच्यानं भागत नाही."

मी देवाच्या चमत्कारांवर कधी भाळले नाही. पण ती बाटली रिकामी होईस्तोवर मी तिथून हलले नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जामनदीवर गोटमार, दोन गावांची दगडफेकीची जत्रा. पांढुर्णा या काठाला, सावरगाव त्या काठाला. दगड चालले, डोकी फुटली. रक्त मी लहानपणापासून पाहत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, माझ्या भावाला जी वस्तू खुंटीवरून घ्यावी लागते, ती यांच्यातल्या कोणाच्याही अंगात फुकट वाहते आहे. दगड मारणाऱ्याच्याही आणि खाणाऱ्याच्याही. गर्दीत उभी राहून मी नुसती माणसांकडे पाहत राहिले.

घरी आले तेव्हा माय त्याला म्हणत होती, "कापसाचं भेव नाही तं मंग आता इथंच राय ना."

"औषध तिथंच भेटते, माय."

"त्यानं दम वापस येते?"

"गेला तो गेला. उरला तो टिकन म्हणतेत."

 माय उठली आणि त्याचे वाळलेले कपडे दोरीवरून काढून घड्या घालू लागली.

"बाटल्या सरायच्या आंधी निंघ," ती म्हणाली.