हरायची नोकरी

आमच्या वहिनीला हरण्याचा पगार मिळतो. लोकांना याची गंमत वाटते. मला वाटत नाही, कारण हेच काम ती घरात वर्षानुवर्षं फुकट करत आली आहे. दादा पत्त्यांत हरला की ताटावरून उठतो, म्हणून ही हुकुमाचा एक्का गुपचूप मांडीखाली सरकवायची. आईशी वाद झाला की स्वतःचं खरं असूनही "चुकलंच माझं" म्हणून मोकळी व्हायची. मी तिची नणंद, तेव्हा या गुणाचा मीही यथेच्छ फायदा घेतला आहे. मी खेळण्यांच्या एका मोठ्या दुकानात भेटवस्तूंना कागद गुंडाळते. तिथे ही जागा निघाली, तेव्हा वहिनीचं नाव मीच सुचवलं. याहून लायक माणूस मिळणार कुठून?

काम असं. माझ्या टेबलासमोरच टीव्ही आणि त्यापुढे प्लास्टिकचे दोन ढोल. गाणं सुरू झालं की पडद्यावर ठिपके सरकत येतात. लाल ठिपका रेघेवर पोचला की ढोलाच्या मध्ये टिपरी मारायची, निळा पोचला की कडेवर. ठेका चुकला की गुण गेले. एका ढोलावर गिऱ्हाईक, दुसऱ्यावर वहिनी. मॅनेजरसाहेबांचा नियम एकच: गिऱ्हाईक जिंकलं पाहिजे, पण घाम गाळून. आयतं जिंकलेला माणूस खेळ विकत घेत नाही आणि हरलेला तर पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही.

यात वहिनीचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिचा ठोका पडायचा तो एक केसभर उशिरा. बघणाऱ्याला वाटावं, बाई जीव तोडून खेळते आहे, बिचारीचं थोडक्यात हुकतंय. वकील, शाळकरी पोरं, गुडघे धरून चालणाऱ्या आज्या, सगळे तिला पाणी पाजून छाती फुगवत निघायचे आणि बगलेत खेळाचं खोकं असायचं. जेवणाच्या सुट्टीत डब्याचं झाकण लावताना ती मला म्हणायची, "मी मनात आणलं ना, तर यातल्या एकालाही जिंकू द्यायची नाही." हे बोलताना ती जरा ताठ बसायची. इतकी माणसं रोज हसत हसत तिला हरवून जायची, ते तिला या एवढ्या भरवशावर सोसत होतं.

मग कुणकुण लागली, की मुख्य कचेरीला ही ढोलांची जोडी परवडेनाशी झाली आहे. म्हणजे वहिनीही परवडेनाशी झाली, हे कुणी सांगायला नको होतं. ती घाबरली. घराबाहेर तिची म्हणावी अशी तेवढीच चार फुटांची जागा होती.

अशात एका दुपारी एक अनोळखी गृहस्थ आले. कडक इस्त्रीचा शर्ट, केसांना नुकताच लावलेला कलप. "मला यातलं ओ की ठो कळत नाही," म्हणाले आणि ते खरं करून दाखवायला लागले. ठिपका अजून निघतोय तोवर यांची टिपरी पडलेली. लालला कडेवर, निळ्याला मध्ये. एकदा तर त्यांनी वहिनीचाच ढोल बडवला. अशा माणसाच्या खाली राहायचं म्हणजे खायचं काम नाही, पण वहिनीनं ते करून दाखवलं. ती अशी काही चुकली, की पडद्यावर तिच्या नावापुढे भोपळा. आसपासची पोरं खिदळायला लागली.

गृहस्थांनी टिपऱ्या खाली ठेवल्या. खिशातून ओळखपत्र काढलं. मुख्य कचेरीतले तपासनीस!

"बाई, मी मुद्दाम अडाण्यासारखा खेळलो. नवख्या माणसाला तुम्ही कसं शिकवता ते बघायचं होतं. पण तुम्हाला तर तालाचं अंगच नाही."

मॅनेजरसाहेबांची बोबडी वळली. मला त्या माणसाचा असा राग आला, की हातातली कात्री टेबलावर आपटली. वहिनीचे मात्र कान लाल झाले होते.

"आणखी एक डाव खेळता?" तिनं विचारलं. "या खेपेला खरा."

"खेळू की."

तिनं बांगड्या कोपराकडे सारल्या. मी तिला ओळखते. हा चेहरा मी कधीच पाहिला नव्हता, ना घरात, ना दुकानात. गाणं लागलं. तपासनीस खरंच बरे खेळत होते. वहिनी ओठ आवळून, डोळ्यांची पापणी न लवता खेळत होती आणि तिच्या प्रत्येक ठोक्याखाली पडद्यावर एकच शब्द उमटत होता: उशिरा. उशिरा. उशिरा. तिनं हात लवकर उचलून पाहिला, तरी टिपरी टेकायची तेव्हा केसभर उशीर झालेलाच असायचा. इतक्या माणसांना जिंकवून जिंकवून हाताला तेच वळण पडलं होतं. मला तिकडे बघवेना. ती थोडक्यात हरली.

तेवढ्यात मॅनेजरसाहेबांची वाचा परत आली. "साहेब, त्या मुद्दाम हरतात. गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून. आमची पद्धतच आहे ती."

तपासनीस रुमालानं घाम पुसत बघतच राहिले. "मुद्दाम? अहो, मी पूर्ण जोर लावला होता, तरी मला शंकासुद्धा आली नाही! कमाल आहे बाई तुमची. ही ढोलांची जोडी कुठेही जात नाही. उलट बाकीच्या दुकानांतल्या मुली मी तुमच्याकडे शिकायला पाठवतो."

टाळ्या पडल्या. मॅनेजरसाहेबांनी स्वतः थंड पेय आणून दिलं. वहिनीनं सगळ्यांचे हसून आभार मानले, पेला हातात धरला आणि माझ्या टेबलामागे येऊन खोक्यावर बसली. पेला तिनं तोंडाला लावला नाही.

"काय शिकवू गं मी त्या मुलींना?" ती हळूच म्हणाली. "मी जिंकायला खेळत होते."