तिच्या नावाने भरलेले आठ दिवस

भातकुलीच्या शाळेत मी नववीला विज्ञान शिकवायचे. त्या वर्षी मुलांच्या आहार-व्यायामाचा एक ऑनलाइन कार्यक्रम आला आणि माझ्या गळ्यात पडला. काय खाल्लं, किती व्यायाम केला, हे मुलांनी घरच्या मोबाइलवर रोज भरायचं. वजन दर सोमवारी शाळेत व्हायचं. त्यावरून गुण, आणि गुणांवरून शाळांचा क्रमांक.

वर्गात भाजीवाल्यांच्या घरातली एक मुलगी होती. अंगाने भरलेली, हसरी. कार्यक्रमाच्या ॲपने तिच्या नावापुढे जास्त वजनाची लाल खूण दाखवली. ती मी अख्ख्या वर्गाला मोठ्या पडद्यावर दाखवली. मुलं हसली. "हसू नका, ती सुधारेल," मी म्हणाले. आपण किती समजूतदारपणे बोललो, असंच मला वाटलं.

ती सुधारली. दोन महिन्यांत खूण हिरवी झाली. मोड आलेले मूग, पेरू, अर्धा तास धावणं. तिची नोंद कधी चुकली नाही. मी तिचा व्हिडिओ काढून वर पाठवला. शाळा तालुक्यात पहिली आली.

मग एका सकाळी ती प्रार्थनेत कोसळली.

दवाखान्यात तिची आई म्हणाली, "पोरगी जेवूनच नाई राहिली, मॅडम. डबा गाईले टाकते अन् मोबाइलात मूग लिहिते. तुमाले तिचं वजन दिसलं, तोंड नाई दिसलं?"

ती आठ दिवस शाळेत नव्हती. तिच्या नोंदी थांबल्यामुळे क्रमांक घसरतोय, असं मुख्याध्यापक म्हणाले. सगळ्या मुलांचे पासवर्ड माझ्याकडेच होते. स्टाफरूममध्ये चहा पिता पिता मी भरलं : मूग, पेरू, धावणे. आठही दिवस.

परत आल्यावर मधल्या सुट्टीत ती वडिलांचा मोबाइल घेऊन आली.

"मॅडम, मी तं सलाईनवर होती. मंग हे धावली कोन?"

"शाळेसाठी करावं लागतं, बेटा."

तिने मोबाइल बंद केला. "मले वाटे, खोटं मी एकटीच लिहितो," एवढंच म्हणाली आणि गेली.

शाळेला प्रमाणपत्र मिळालं. वर्ष संपल्यावर ती अकोल्याला मामाकडे शिकायला गेली. दाखला न्यायला आई आली होती. मी "बसा" म्हटलं, पण ती उभ्यानेच सही करून निघून गेली.

आता दुसऱ्या शाळांतल्या शिक्षकांना तो कार्यक्रम समजावून सांगायला मलाच बोलावतात. मी जाते.