मधुकरोव्हना

जबलपूरच्या एका कॉलेजात संध्याकाळी भरणाऱ्या रशियन भाषेच्या प्राथमिक वर्गात सुनंदा मधुकर वैरागडे यांनी जुलैमध्ये नाव घातलं. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. प्रवेशाच्या खिडकीवरच्या क्लार्कने विचारलं, "माताजी, किसका एडमिशन है?" काकू म्हणाल्या, "मेराच है भैया. काहून, मी शिकणारी नाही दिसत?" उत्तराचा पहिला अर्धा भाग क्लार्कला कळला. तेवढ्यावर त्याने पावती फाडली.

मी शहरातल्या एका हिंदी दैनिकात काम करत होतो आणि रोजच्या बातम्यांत रशिया असल्यामुळे संपादकांनी मला या वर्गाला पाठवलं होतं. मी आठवडाभर उशिरा पोचलो. तोवर वर्गात सगळ्यांची रशियन नावं ठरली होती. रशियात माणसाला त्याच्या नावानं आणि वडिलांच्या नावानं मिळून हाक मारतात. मुलगा असेल तर वडिलांच्या नावापुढे ओविच, मुलगी असेल तर ओव्हना. सरांनी पहिल्याच दिवशी एकेकाला वडिलांचं नाव विचारून ही बारशी उरकली. काकूंपाशी आल्यावर मात्र त्यांनी काही विचारलं नाही. हजेरीपट पाहून ते खुशीत म्हणाले, "मराठी लोगों का नाम तो पहले से ही रूसी होता है. बीच में पिताजी. आप हुईं सुनंदा मधुकरोव्हना." काकूंनी पदर तोंडाला लावला आणि मान खाली घातली. सरांना ती संमती वाटली.

मधुकर हे काकूंच्या नवऱ्याचं नाव. काकूंचं माहेर वर्ध्याकडचं. नवऱ्याचं नाव त्यांनी लग्नात घेतलं होतं, नंतर हळदीकुंकवाला, तेही उखाण्यात. त्या दिवशी वर्गातल्या सगळ्या पोरापोरींनी सरांमागून ते मोठ्यानं म्हटलं. आपण नवऱ्याचं नाव वडिलांचं समजून बसलो आहोत, हे काकूंच्या लाजेमुळे सरांच्या लक्षात आलं नाही. मी आलो तेव्हा ते नाव रूढ झालं होतं आणि रूढ नावाची चौकशी कोणी करत नाही. पुढे काकू मला म्हणाल्या, "बाबू, आमच्या सासूबाई असत्या तर फिट येऊन पडल्या असत्या. इथं तर अख्खा कॉलेज यायचं नाव घेऊन राहिला."

'यायचं' म्हणजे यांचं, आणि 'हे' म्हणजे वैरागडे काका, जबलपुरातल्याच रांझीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. ते काकूंना स्कूटरवरून आणत, गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसत आणि वर्ग सुटला की घेऊन जात. वर्गाबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. ते टपरीवाल्याला दर वेळी ऐकवत, "जिंदगी गेली जबलपुरात, हिची हिंदी अजून धड नाही. अन् चालली रशियन शिकायला." पण पाऊस असो, थंडी असो, त्यांनी कधी उशीर केला नाही.

काकूंची शिकायची रीत वेगळी होती. शिकलेला शब्द त्या शिळा होऊ देत नसत. त्याच दिवशी कुठे ना कुठे वापरत. 'महाग' हा शब्द शिकलो त्या संध्याकाळी त्या रांझीच्या बाजारात भाजीवाल्यासमोर उभ्या राहिल्या आणि प्रत्येक भाजीवर बोट ठेवून "दोरोगो" म्हणाल्या. भाजीवाल्याने दोन दिवस हे ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी काकू दिसताच तोच म्हणाला, "दीदी, आज टमाटर दोरोगो है, मत पूछो." काकूंनी हे वर्गात सांगितलं तेव्हा सर म्हणाले, की तीस वर्षांत त्यांनी शिकवलेला एकही शब्द इतक्या लवकर बाजारात पोचला नव्हता.

रशियनमध्ये एक स्वर आहे, तो आपल्याकडे नाही. पोरं त्यावर अडखळत. सर सांगत, की कुणी पोटात गुद्दा मारल्यावर निघतो तसा तो आवाज आहे. पोरांनी एकमेकांना गुद्दे मारून पाहिले, जमलं नाही. काकूंना पहिल्याच फटक्यात जमलं. सर चकित झाले तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, ये तो मैं रोज निकालती हूँ. गॅस का सिलिंडर उठाते टाइम." त्यानंतर सर त्या स्वराला सिलिंडरचा स्वरच म्हणू लागले. मागच्या बाकावरची पोरं तो म्हणताना खरोखर कंबरेत वाकत.

शनिवारी त्या सांबारवडी आणत. सांबार म्हणजे आपली कोथिंबीर. नागपूर-वर्ध्याकडे तिला हेच म्हणतात. डबा उघडला की वर्गात रशियनखेरीज दुसरी भाषा चालत नसे. वडी हवी असेल त्यानं रशियनमध्ये मागायची, आणि मिळाल्यावर रशियनमध्ये आभार मानायचे, हा नियम काकूंचा. परीक्षेत नापास होणारी पोरंसुद्धा एवढी दोन वाक्यं बिनचूक म्हणत. एकदा सरांनी सवयीनं हिंदीत मागितली. काकूंनी डबा मिटला.

त्या रशियन का शिकतात हे मला दिवाळीच्या आसपास कळलं. वर्ग सुटल्यावर आम्ही पायऱ्यांवर उभे होतो. काका अजून टपरीवर होते. काकूंचा एकुलता एक मुलगा नितीन व्होल्गाकाठच्या एका शहरात डॉक्टरकी शिकून आला होता. तिथल्या आन्या नावाच्या मुलीशी त्याला लग्न करायचं होतं आणि जबलपुरातच राहायचं होतं. आन्या तयार होती. तिची आई तमारा तयार नव्हती. तिचा नवरा वारलेला, ही एकच मुलगी. हिवाळ्यात ती घर आणि माणसं पाहायला येणार होती आणि नंतर हो किंवा नाही सांगणार होती.

"मग नितीन आहे की बोलायला," मी म्हणालो.

"तोच तर ताप आहे," काकू म्हणाल्या. "व्हिडिओ फोनवर मी पाच वाक्यं बोलते, तो दोन सांगते. ती बाई एवढं मोठं बोलते, अन् हा मले म्हणते, आई, ती बरी आहे म्हणते. मी काय बहिरी आहे? तिच्या तोंडाकडे पाहून समजते, की ती काही विचारून राहिली. पोटची पोरगी इतक्या दूर द्यायची, अन् विचारायचं कोणाले? जावयाले? त्याच्या मायले नाही विचारणार?"

"मग तुम्ही काय सांगणार तिला?"

"ते ती काय विचारते त्यावर आहे. पण सांगीन मीच."

तमारा डिसेंबरच्या अखेरीस आन्याला घेऊन आली. काकूंनी सरांना आणि मला घरी बोलावलं, पण दारातच ताकीद दिली, "मी अडकले तरी बोलायचं नाही. सर, आप भी नहीं. नितीन, तू तर अजिबात नाही." आम्ही तिघे दिवाणावर ओळीनं बसलो. काका आत चहाकडे होते.

तमारा उंच, रुंद खांद्यांची बाई होती. दारात आल्याबरोबर तिनं बूट काढले आणि पिशवीतून स्वतःच्या घरात घालायच्या सपाता काढल्या. काकूंनीही तिच्यासाठी नव्या सपाता आणून ठेवल्या होत्या. दोघींनी एकमेकींच्या हातातल्या सपाता पाहिल्या आणि दोघी हसल्या. तमाराने स्वतःच्या पिशवीत परत टाकल्या आणि काकूंच्या घातल्या. तिला त्या टाचेकडून आखूड होत्या. त्या तिने दिवसभर घातल्या.

काकूंनी आपलं नाव सांगितलं, पूर्ण, वर्गात सांगत तसं: सुनंदा मधुकरोव्हना. तमाराने ते आदरानं दोनदा म्हणून पाहिलं. तेवढ्यात काका चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले. थंडीमुळे त्यांनी माकडटोपी घातली होती आणि कवळी आत राहिली होती. काकूंनी हात करून ओळख करून दिली, "एता मधुकर." हे मधुकर.

तमारा उठली. तिनं काकांच्या हातातला ट्रे घेतला, त्यांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं, सोफ्यावरची शाल त्यांच्या गुडघ्यांवर पांघरली आणि त्यांच्या कानाशी मोठ्यानं, सावकाश काहीतरी बोलली. मग काकूंकडे वळून तिनं एक वाक्य म्हटलं. त्यातला 'पापा' हा शब्द सगळ्यांना कळला.

"काय म्हणून राहिली ही?" काकांनी विचारलं.

नितीनला हसू आवरेना. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मधुकर हे काकूंच्या वडिलांचं नाव नाही हे त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांनी तोंड उघडलं. काकूंनी हात वर केला तेव्हा ते पुन्हा मिटलं. आन्या काही सांगू पाहत होती, तिला तमाराने हातानंच थांबवलं.

"न्येत पापा," काकू म्हणाल्या. "मुश." म्हणजे पापा नाही, नवरा. मग त्यांनी वर बोट केलं आणि सांगितलं, की पापांचं नाव वामन आणि ते आता नाहीत.

"म्हणजे मी हिचा बाप वाटलो?" काका म्हणाले. त्यांनी शाल काढून ठेवली आणि कवळी आणायला आत गेले.

तमारा मात्र हसली नाही. ती विचार करत होती. नवरा मधुकर, तर ही मधुकरोव्हना कशी? काकूंनी जमेल तसं सांगितलं: इंडियात मुलगी असताना पापांचं नाव, लग्न झालं की नवऱ्याचं. शब्द कमी पडले तिथं त्यांनी गळ्यातलं मंगळसूत्र दाखवलं.

तमाराने आन्याच्या डोक्यावर हात ठेवला. "आन्या अलेक्सेयेव्हना," ती म्हणाली. अलेक्सेय तिचा वारलेला नवरा. मग तिनं नितीनकडे बोट केलं आणि तोच हात आन्याकडे वळवून विचारलं, "नितीनोव्हना?"

हा प्रश्न फोनवर कधी नितीनपर्यंत आला होता का, हे मी नंतर त्याला विचारलं. त्याला आठवत नव्हतं.

"न्येत," काकू म्हणाल्या. "न्येत, न्येत. आन्या अलेक्सेयेव्हना." आणि मग रशियन संपल्यामुळे मराठीत, तमाराचा हात धरून, "बापाचं नाव काहून काढायचं पोरीचं? माझं निघालं, ते मला कोणी विचारलं नव्हतं. हिचं नाही निघणार. मी आहे न."

हे वाक्य कोणी भाषांतर करून सांगितलं नाही. तमाराने ते ऐकून घेतलं आणि स्वयंपाकघर कुठे आहे ते विचारलं. दोघी आत गेल्या आणि दार लोटलं. नितीन दाराबाहेर उभा राहिला. आतून त्याला परत पाठवण्यात आलं. आत काय बोलणं झालं याची खातरजमा होऊ शकलेली नाही. भांड्यांचे आवाज येत होते, मधूनमधून सिलिंडरचा स्वरही ऐकू येत होता. बाहेर आल्या तेव्हा तमाराच्या कोपरापर्यंत बेसन होतं. तिनं आन्याला सांगितलं, की लग्न फेब्रुवारीत करायला हरकत नाही.

लग्न फेब्रुवारीत जबलपुरातच झालं. पत्रिकेत वधूचं नाव अन्ना अलेक्सेयेव्हना असंच छापलं होतं; आन्या हे अन्नाचंच लाडकं रूप. काही नातेवाइकांनी ते छापखान्याची चूक म्हणून काकूंच्या निदर्शनास आणलं. काकूंनी त्यांना पंगतीत बसायला सांगितलं.

वर्गात सरांनी आपली चूक फळ्यावर लिहून दुरुस्त केली आणि काकूंना सुनंदा वामनोव्हना असं नवं नाव दिलं. ते दोन तास टिकलं. पोरांच्या जिभेवर ते बसेना आणि काकूंनीच शेवटी म्हटलं, "रहने दो सर. वामनराव माझ्या मनात आहेत, ते कुठे जात नाहीत. अन् यायले आता सवय झाली. गेटबाहेर कोणी मधुकरोव्हना म्हटलं, की हे चहा ठेवून उभे राहतात."

पुढच्या जुलैत काकूंनी दुसऱ्या वर्षाला नाव घातलं, पण वर्ष पुरं केलं नाही. आन्याला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, या बाबतीत काकू ऐकायला तयार नव्हत्या. माहेर व्होल्गाकाठी असलं म्हणून रीत बदलत नाही, असं त्यांनी नितीनला सांगितलं. तमाराने फोनवर त्यांनाही सोबत बोलावलं. ऑक्टोबरमध्ये सासू-सून दिल्लीमार्गे गेल्या. नितीनला रजा मिळाली नाही. जायच्या आदल्या शनिवारी काकूंनी सांबारवडीचा मोठा डबा आणला आणि त्या दिवसापुरता नियम मोडून हिंदीत मागणाऱ्यांनाही दिली.

जानेवारीत आन्याला मुलगी झाली. त्यानंतर काही दिवसांनी वर्गाच्या ग्रुपवर काकूंचा एक व्हॉइस मेसेज आला. सरांनी तो तासाच्या सुरुवातीला मोठ्यानं लावला. वैरागडे काका त्या दिवशी पहिल्यांदाच वर्गात येऊन बसले होते, कवळी आणि माकडटोपीसह.

मेसेजमध्ये दोन बायकांचं भांडण आहे. तान्ह्या बाळांना गुंडाळून थंड हवेत निजवण्याची तिकडे पद्धत आहे. तमाराला खिडकी उघडी हवी आहे. काकूंना नको आहे. तमारा रशियन बोलते, काकू बरंचसं रशियन. मधे बाळ रडतं. भाषांतर करणारं तिथं कोणी नाही.

मेसेजच्या शेवटी खिडकी बंद झाल्याचा आवाज येतो.