वसमतचं घर आणि नाईक वाढवे

"पेट्याच पेट्या उतरून राहिल्यात, पण साहेब कुठं दिसंना."

ट्रकमधून सामान उतरवणारा हमाल आपल्या जोडीदाराला म्हणाला. मी त्याच्यापासून चार हातांवर, सामानाची यादी घेऊन उभी होते.

"मागून येत असंल. ही बायको असंल त्याची."

"एवढुशी?"

माझ्या घरमालकीण शहनाजखाला जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी तिथूनच आवाज दिला, "अरे, वोइच साहेब है! पेटी पे नाम नहीं पढ़ा क्या? उठाव जल्दी."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी यादीत पेटी क्रमांक चारसमोर खूण केली.

पेट्या नऊ होत्या. काळ्या, पत्र्याच्या, वर पांढऱ्या रंगात लिहिलेलं: कॅप्टन साळवे. फौजेत बदली झाली की घर या पेट्यांतूनच हलतं. प्रत्येक पेटीला क्रमांक, आणि झाकणाच्या आतून यादी चिकटवलेली. या वेळी मात्र बदली नव्हती. सिग्नल्समधली, म्हणजे फौजेच्या संदेशवहन शाखेतली, माझी सेवा संपली होती. तेजपूरहून निघालेला ट्रक आठव्या दिवशी, सकाळी सात चाळीसला वसमतला पोचला.

हळदीच्या एका कंपनीत गोदाम आणि वाहतूक सांभाळायची नोकरी मला मिळाली होती. कंपनीने तीन गावं पुढे ठेवली, मी वसमत निवडलं. का, ते कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. माझ्या तुकडीचा लाइनमन मिलिंद वाढवे, हुद्द्याने नाईक, वसमतहून जवळच, औंढ्याकडच्या एका खेड्यातला होता. त्याची आई अजून तिथेच राहत होती. तीन वर्षांपूर्वी मिलिंद बर्फाखाली गेला. तो कोणाच्या परवानगीने बाहेर पडला होता, हे मी त्याच्या आईला कधी सांगितलं नव्हतं.

तरी पहिले तीन दिवस मी फक्त आनंदात होते. दुसरा शब्द शोधला, सापडला नाही. वडील फौजेत होते, मग मी. आयुष्यभर सरकारी क्वार्टरमध्ये राहिले. तिथे भिंतीत खिळा ठोकायचा तर अर्ज द्यावा लागतो. इथे मी पहिल्याच दुपारी अकरा खिळे ठोकले. पुढचे चार कुठे ठोकायचे यावर झोप लागेपर्यंत विचार केला.

शहनाजखाला वर आल्या, भिंत पाहिली. "हे घर हाय का खुंट्यांचं दुकान?"

"जास्त झाले का?"

"ठोक गे. तेरा घर है."

त्या दोन्ही भाषा एकाच दमात बोलतात. 'तुझं घर' हे मला त्याआधी कोणी म्हटलं नव्हतं.

गच्चीवरून पलीकडच्या आवारात वाळत टाकलेली हळद दिसायची. शिजवलेल्या हळदीचा वास दिवसभर घरात. कठड्यावरून बोट फिरवलं की पिवळं. पडदे घ्यायला बाजारात गेले तर दुकानदाराने पहिला पडदा ऑलिव्ह ग्रीन काढला. "हा बघा मॅडम, मळत न्हाई." मला नाही म्हणायला वेळ लागतो. त्या दिवशी लागला नाही. मी गुलाबी घेतला. दोन जोड्या.

ही हळद मी आधी ऐकली होती, मिलिंदकडून. सरहद्दीवरच्या आमच्या ठाण्यावर मराठी बोलणारे आम्ही दोघंच होतो. मी इंग्रजी शाळेतली. माझी मराठी घरात ऐकलेली आणि पुस्तकांत वाचलेली. तो म्हणायचा, "मॅडम, तुमची मराठी धुऊन वाळत घातल्यावानी हाय. वसमतच्या मोंढ्यात, हळदीच्या बाजारात, एक दिवस फिरा, बराबर रंग लागंल." रोज सकाळी सहाला रेडिओ चेक, साडेसहाला चहा. चहाच्या वेळी तो हळद कशी शिजवतात ते सांगायचा. मी ऐकायचे. माझं बोलणं कमी असल्यामुळे तो बरंच सांगून टाकायचा.

त्या फेब्रुवारीत दोन दिवस बर्फ पडलं आणि पुढच्या पोस्टची टेलिफोन लाइन तुटली. लाइन दुरुस्त करणारे तिघे, मिलिंद आणि आणखी दोन जवान, खालच्या बंकरमध्ये होते. मी कंट्रोलला, वायरलेस सेटवर.

नऊ पस्तीसला तो बोलला. "लाइन देखने जाएँ? ओवर."

"वेट. आउट."

ते थांबले. दहा दहाला पुन्हा. "मैडम, अब साफ़ है. जाएँ? ओवर."

मी बाहेर येऊन पाहिलं. आभाळ खरंच उघडलं होतं. पुढच्या पोस्टशी तेरा तास बोलणं झालं नव्हतं.

"जाओ. चौदह सौ से पहले वापस. ओवर."

"विल्को. आउट." म्हणजे हुकूम कळला, तसंच करतो.

अकरा पन्नासला वरच्या उताराचं बर्फ सुटलं. तिघे गेले होते, दोघे परत आले. मिलिंद दुसऱ्या दिवशी चार वाजता सापडला. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत माझा दोष निघाला नाही. त्याला घरी नेताना ते दोन जवान बरोबर गेले. मला ठाणं सोडता आलं नाही. पुढे सुट्टी मिळाली, तरी मी गेले नाही.

वसमतला आल्यावर चौथ्या दिवशी मी त्याच्या आईला फोन केला. नाव सांगितलं, युनिट सांगितलं, वसमतला नव्या घरात राहायला आले ते सांगितलं, रविवारी येते म्हणाले.

"तुमी नका येऊ," त्या म्हणाल्या. "घर नवं हाय ना? मंग मीच येते."

रविवारी नऊ वीसला त्या आल्या. पांढरी साडी, हातात पिशवी. पिशवीत ओल्या हळदीच्या लोणच्याची बरणी आणि मेणबत्त्यांचा पुडा. टेबल अजून आलं नव्हतं. त्यांनी दोन मेणबत्त्या पेटीवरच लावल्या, हात जोडून वंदना म्हटली आणि सगळं घर फिरून पाहिलं.

"पडदे ब्येस हायेत. इतके खिळे काहून ओ?"

"मी भी वोइच पूछी," दारातून शहनाजखाला म्हणाल्या. दोघी हसल्या. मीही हसले. खाला चहा आणायला खाली गेल्या.

मिलिंदच्या आई सतरंजीवर बसल्या.

"मॅडम, एक बोलायचं होतं. लई दिवसांचं हाय." त्यांनी पदर सारखा केला. "मिलिंदला घेऊन दोन जवान आले होते. सगळ्या गावासमोर बोलले, वो किसीके लिए रुका नहीं, खुद निकल गया. लोकांनी जयजयकार केला. मला मात्र ते लागलं. लहानपणी बी तसाच होता तो, न विचारता नदीला जायचा. तुमचा हुकूम मोडून गेला ना लेकरू? तुमाला वरून बोलणी बसली असतील, तकलीफ झाली असंल. म्हून मी आले. त्याच्या वतीनं माफी मागते."

त्यांनी हात जोडले.

त्या दोन जवानांनी गौरवाने म्हटलं होतं. फौजेत कामी आलेल्या माणसाबद्दल असंच बोलतात. आईने मात्र ते वाक्य तीन वर्षं मुलाचा गुन्हा म्हणून सांभाळलं होतं. मी गप्प राहिले असते तर त्यांनी चहा घेतला असता आणि अकराच्या एसटीने परत गेल्या असत्या. पुन्हा आल्या असत्या, लोणचं घेऊन. मला ते फार हवं होतं.

खाला ट्रे घेऊन दारात थांबल्या होत्या. मी उठून उभी राहिले. रिपोर्ट बसून देत नाहीत.

"आई, नाईक मिलिंद वाढवेनं हुकूम मोडला नाही. त्यानं दोनदा विचारलं. पहिल्यांदा मी थांब म्हणाले, तो थांबला. दुसऱ्यांदा मी जा म्हणाले, म्हणून तो गेला."