सात नंबरचा आवाज

माझ्या आत्याशी भांडायची सोय नाही. तुम्ही वाक्य सुरू करायचं आणि ती ते संपवणार, वर तुमच्यापेक्षा बरं संपवणार. काका नुसते "मी काय म्हणत होतो..." म्हणाले, की भांडी विसळता विसळता ही म्हणते, "पंखा दुरुस्त करणारा उद्या येतोय, असं म्हणत होतात." काका कपाळाला हात लावतात. "हिला सोडचिठ्ठी द्यायची म्हटली तर तेही वाक्य हीच पुरं करेल!"

सवय धंद्याची. आत्या प्रॉम्प्टर होती. विंगेत स्टुलावर बसायचं, संहिता मांडीवर घ्यायची आणि नट अडला की पुढचे दोन शब्द सोडायचे. आवाज असा, की रंगमंचावरच्या एकाच माणसाच्या कानात जावा आणि पहिल्या रांगेतल्याला वाटावं, पंखा घरघरतोय. हे येरागबाळ्याचं काम नाही. जोरात बोललात तर नटाची अब्रू जाते, हळू बोललात तर नाटक जातं.

या आवाजावर ज्याने सर्वांत जास्त वर्षं काढली, त्याला सगळे सम्राट म्हणतात. पहिल्याच गाजलेल्या नाटकात त्याने सम्राट केला, आणि नंतर तो मुकुट काही उतरवला नाही. देखणा, भरदार, आवाज खणखणीत. पाठांतराच्या नावाने मात्र बोंब. एका भरल्या प्रयोगात त्याने मधली दोन पानं गिळली आणि पुढे कुठे जायचं ते कळेना म्हणून उभा राहिला. आत्याने शब्द दिला. पुन्हा दिला. तिसऱ्यांदा दिला. त्याला तो घेता येईना, कारण तो भलत्याच पानावर होता. मग या गृहस्थाने काय करावं? सावकाश विंगेकडे मान वळवली आणि सगळ्या प्रेक्षागृहाला ऐकू जाईल असं विचारलं, "काय बाई, डुलकी लागली का?"

लोक असे हसले की सांगता सोय नाही. पडदा पाडून पुन्हा उघडेपर्यंत आत्याचं नाव डुलकीबाई झालं होतं. आठवड्याभरात नाट्यगृहाचा रखवालदारही तिला पाहून जांभई देऊ लागला.

तेवढ्यावर भागलं असतं तर एक वेळ गिळलं असतं. पण सम्राटाने तो किस्सा पोसला. पहिल्या मुलाखतीत ती पेंगत होती, दुसरीत घोरत होती, तिसरीत स्टुलावरून पडली. "पुढच्या मुलाखतीत विंगेत माझी गादीउशी निघेल," आत्या म्हणायची. आणि किस्सा संपला की त्याचं ठरलेलं वाक्य: "त्या दिवसापासून मी प्रॉम्प्टर ठेवलाच नाही. ज्या नटाला उसना आवाज लागतो, त्याने दुकान टाकावं!" मग टाळ्या.

नाट्यसंस्थेने आत्याला स्टुलावरून उठवून कपड्यांच्या इस्त्रीवर बसवलं. काही महिन्यांनी तीही इस्त्री सोडून ती एका फोटो स्टुडिओत लागली आणि तिथे थेट प्रक्षेपण शिकली. शाळांची संमेलनं, बुद्धिबळाच्या स्पर्धा, एकदा तर एका कारखान्याच्या भागधारकांची सभा. "त्या सभेला तर मी एकटीच प्रेक्षक होते," ती सांगते. तरी त्या सभेचाही आवाज तिने असा स्वच्छ लावला होता, की अध्यक्षांचं पोट वाजलेलं ऐकू यावं.

आणि मग स्टुडिओच्या मालकीणबाईंनी तिला बोलावून सांगितलं, "सम्राटांचं नवं नाटक रविवारी दुपारी लाइव्ह दाखवायचंय. नीट झालं तर वर्षभराचं काम आपल्याला. जमेल ना?"

"जमेल," आत्या म्हणाली, आणि बाहेर येऊन मला फोन केला. "रविवारी रिकामी आहेस का? असशीलच, नाटकवाली आहेस. कॅमेऱ्यावर उभी राहा."

"आत्या, सम्राटाचं नाटक? तू जाणार?"

"जाणार म्हणजे? मला त्याला जवळून बघायचंय. दोन कॅमेऱ्यांनी."

रविवारी सकाळी आम्ही नाट्यगृहाच्या मागच्या केबिनमध्ये पोचलो. काचेतून रंगमंच समोर दिसायचा. आत्याने लॅपटॉप उघडला, प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर चालू केलं आणि मला समजावलं. "हे बघ, याला सीन म्हणतात. आपल्या प्रवेशांसारखंच. एका सीनमध्ये 'थोड्याच वेळात सुरू होत आहे' ही पाटी, एकात पूर्ण रंगमंच, एकात जवळून चेहरा. प्रत्येक सीनमध्ये कोणाला आणायचं ते आपण ठरवायचं. कॅमेरा, पाटी, आवाज, हे सगळे सोर्स. पात्रंच म्हण ना. मी म्हटल्याशिवाय कोणी आत यायचं नाही."

तिला हे सांगताना किती सुख होत होतं, ते मला दिसत होतं.

मॅनेजर धापा टाकत आला. "बाई, चॅनेलची स्ट्रीम की टाकलीये बघा, संस्थेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर."

"ग्रुपवर? अहो, घराची किल्ली चौकात टांगता का? ती ज्याच्या हातात असेल तो तुमच्या चॅनेलवर वाट्टेल ते दाखवेल. नवी काढा आणि फक्त मला द्या."

त्याने निमूटपणे नवी काढली. आत्याने ती सॉफ्टवेअरमध्ये चिकटवली, वायफाय बंद करून भिंतीतली वायर लावली, चित्र अडकू नये म्हणून बिटरेट जरा उतरवला आणि चाचणीचं प्रक्षेपण फक्त आमच्यापुरतं चालू केलं. मला रंगमंचावर पिटाळलं. "टाळी वाजव! अजून एक!" चित्रातले हात जुळायच्या आधीच टाळी ऐकू येत होती. आवाज मागे सरकवत सरकवत तिने दोन्ही जुळवले. "हं. आता हात आणि आवाज एकाच बाईचे वाटतात."

मग ध्वनी सांभाळणारा माणूस त्याच्या टेबलापासून एक केबल घेऊन आला. "सगळे माइक वेगवेगळे दिलेत तुम्हाला. हवे ते घ्या. फक्त सात नंबरला हात लावू नका."

"का? काय आहे सातवर?"

"तुमच्या कामाचं नाही काही," म्हणाला आणि गेला.

पडद्यावर प्रत्येक माइकची एक आडवी पट्टी होती. आवाज आला की ती हिरवी होऊन पळायची. आत्याने सातची पट्टी ठेवली, पण तिचा स्लायडर पार खाली ओढला. म्हणजे आम्हाला ती हलताना दिसेल, बाहेर काही जाणार नाही.

तालमीला सम्राट रंगमंचावर आला. निवृत्त न्यायाधीशाची भूमिका, हातात काठी. तो बोलू लागला, त्याच्या माइकची पट्टी पळाली. पण त्याआधी सात नंबर पळाली होती. पुन्हा तेच. आधी सात, मग सम्राट. सात, सम्राट. रंगमंचावर तर दुसरं कोणीच बोलत नव्हतं.

आत्याने हेडफोन कानाला लावून सातचा आवाज फक्त स्वतःकडे घेतला. थोडा वेळ ऐकलं. मग हेडफोनचा एक कान काढून माझ्या कानाला लावला.

आत एक थकलेला, सपाट आवाज होता, रेशन दुकानात नाव पुकारावं तसा. "माझ्या मुला, तू मला ओळखलं नाहीस. दोन पावलं पुढे. आवाज चढवा."

आणि समोर सम्राट दोन पावलं पुढे आला आणि आवाज चढवून म्हणाला, "माझ्या मुला! तू मला ओळखलं नाहीस!"

"हा तर त्याचा मेव्हणा!" मी म्हटलं. पोस्टातून निवृत्त झालेला, जाड भिंगांचा साधा माणूस. विंगेत माइक धरून बसायचा आणि सम्राटाच्या कानात दाण्याएवढं यंत्र होतं.

आत्या हसली नाही. हाताची घडी घालून पट्टीकडे बघत राहिली. "उसना आवाज," ती हळूच म्हणाली. "दुकान टाकावं म्हणे."

"आत्या, नको हं. वर्षाचं काम जाईल."

"मी कुठे काय करतेय? स्लायडर खालीच आहे."

पहिला अंक झाला. खरं सांगते, तिने तो इतका देखणा दाखवला की सम्राटाच्या आईनेसुद्धा त्याला इतकं छान दाखवलं नसतं. कुठे जवळून, कुठे लांबून, एक चूक नाही. बघणाऱ्यांचा आकडा चढत होता. मला वाटलं, सुटलो.

मध्यंतरात मॅनेजर सम्राटाला केबिनमध्ये घेऊन आला. ऑनलाइन प्रेक्षकांसाठी दोन मिनिटं गप्पा. कॅमेऱ्यासमोर बसताना त्याने आत्याला पाहिलं, ओळखलं, आणि त्याचा चेहरा उजळला. शिकार आपल्या पायांनी आली म्हणजे उजळतो तसा.

"मंडळी, योगायोग बघा! तो डुलकीचा किस्सा मी सांगतो ना, त्या बाई खुद्द इथे आहेत. हे प्रक्षेपण त्याच करतायत!" तो कॅमेऱ्यात झुकला. "तेव्हा चित्र मध्येच बंद पडलं तर तुमच्या फोनला दोष देऊ नका. काय बाई, जाग्या आहात ना?"

मॅनेजर हसला. आत्याही हसली. "अगदी टक्क," ती म्हणाली.

तो गेल्यावर तिने चष्मा पुसला. दुसरा अंक सुरू झाला. शेवटचं मोठं स्वगत आलं, ज्यासाठी लोक तिकीट काढतात. तिने चेहऱ्याचा सीन निवडला, सम्राटाचे डोळे पडदाभर घेतले, आणि एका बोटाने सात नंबरचा स्लायडर वर नेला. हळूच नाही. सरळ वरपर्यंत.

काहीच झालं नाही. थेट म्हणतात, पण लोकांपर्यंत पोचायला जरा वेळ लागतो. प्रेक्षागृह शांत होतं. त्यांना काय कळणार? काचेतून सम्राट आम्हाला भव्य दिसत होता. आणि मग माझ्या फोनवर ते पोचलं.

"मला कुणी शिकवायची गरज नाही. हात छातीवर. दुसरा हात."

"मला कुणी शिकवायची गरज नाही!" सम्राट गरजला. आधी चुकीचा हात छातीवर गेला, मग दुसरा.

"मी बोलतो ते माझ्या काळजातून बोलतो. थांबा. ...थांबा अजून. आता रडा."

सम्राट रडला. खरंच छान रडला.

खालच्या चौकटीत लोकांचे शब्द धावू लागले. हे काका कोण आहेत? डबिंग चाललंय का? रडा म्हटल्यावर रडले! काका, त्यांना जरा पाणी प्यायला सांगा. बघणाऱ्यांचा आकडा दुप्पट झाला, मग मी बघायचं सोडलं. मी आत्याकडे पाहिलं. ती पट्ट्यांकडे बघत होती, आधी सात, मग सम्राट, आणि तिचे ओठ हलत होते. मेव्हण्याच्याही आधी.

पडदा पडला. प्रेक्षागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. आत्याने प्रक्षेपण रीतसर थांबवलं, लॅपटॉप काखेत मारला आणि पुढचा कॅमेरा काढायला आम्ही खाली गेलो.

पडद्यामागे गोंधळ होता. मॅनेजरच्या हातात फोन, आणि फोनमधून तोच सपाट आवाज: आता रडा. आता रडा. सम्राट अर्ध्या मेकअपमध्ये मेव्हण्यावर तुटून पडला होता. "एक बटण सांभाळता येत नाही? तुझ्या बहिणीच्या शब्दाखातर ठेवलाय तुला, नाहीतर तुझी लायकी काय? गाढवा, झोपला होतास का?"

मेव्हणा संहिता छातीशी धरून उभा. "भावजी, मी तर फक्त वाचत होतो..."

"त्यांना काय बोलताय?" आत्या म्हणाली. "मी केलं."

सगळे वळले. मॅनेजर चटकन पुढे आला, आवाज खाली करून. "बाई, चुकून झालं ना? तसंच म्हणा. तांत्रिक बिघाड. मी चॅनेलवर दोन ओळी टाकतो, विषय मिटला. वर्षाचं काम तुमच्याकडेच राहील, मी शब्द देतो."

सम्राटाचा सूर एकदम मऊ झाला. "अहो, चूक कुणाकडूनही होते. तुमचं वय झालं, एवढी सगळी बटणं... मी काही मनावर घेणार नाही."

मी आत्याचा दंड धरला. हो म्हण, मला म्हणायचं होतं. घे आणि चल. बदला झाला, पगारही राहील.

"चूक नाही झाली," आत्या म्हणाली. "पहिल्या अंकात स्लायडर खाली होता. मध्यंतरात तुम्ही येऊन गेलात. मग मी तो वर केला. याच बोटाने. इतकी वर्षं माझं काम तुमच्या नावावर गेलं आणि तुमची चूक माझ्या नावावर आली. आता माझ्या हातून एक गोष्ट मनासारखी झालीये, तर ती बिघाडाच्या नावावर घालता? या बिचाऱ्याच्या नावावर घालता? जमायचं नाही."

"तुमची नोकरी जाईल!" सम्राट ओरडला.

"गेली," आत्या म्हणाली. फोन तिच्या पर्समध्ये वाजतच होता, मालकीणबाईंचा. ती रंगमंचाच्या कडेला टेकली, लॅपटॉप मांडीवर उघडला आणि संस्थेच्या चॅनेलवर, त्या व्हिडिओखाली, सावकाश टाइप केलं: आवाजात कोणताही बिघाड नव्हता. सात नंबर मी चालू केला होता. खाली स्वतःचं नाव घातलं, पूर्ण. कुठल्याही नाटकाच्या जाहिरातीत ते कधी छापून आलं नव्हतं.

मेव्हणा जवळ सरकला. "ताई," तो हळूच म्हणाला, "मी जरा आणखी हळू वाचायला हवं होतं का?"

"नाही हो. छान वाचलंत. फक्त ते 'रडा' थोडं लवकर येत होतं."

"मलाही तसंच वाटलं," तो म्हणाला.

सम्राट आमच्यासमोर तोंड उघडून उभा राहिला. काहीतरी मोठं, जिव्हारी लागेल असं बोलायचं होतं त्याला. छाती भरली, हात वर गेला, आणि हात तसाच राहिला. मेव्हण्याने सवयीने संहितेचं पान उलटलं, खालपर्यंत बोट फिरवलं आणि मान हलवली. तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं.