सातभाईची खूण

पंखाखालून रक्ताचा एक थेंब काढून झाला की बाई पाखराच्या छातीवर हळूच फुंकर घालायच्या आणि मूठ उघडायच्या. "जा गो बाय, माफ कर हां!" वाढल्या बोरीवलीत, पण पाखरांशी बोलताना तोंडात वडिलांची मालवणीच यायची.

बाई आणि मी एकाच प्रयोगशाळेत होतो. काम सातभाईंचं. हा पक्षी थव्याने राहतो, लांब उडत नाही. बोरीवली आणि मुलुंडच्या मधलं जंगल उभं दुभागणारा जुना रस्ता रुंद करायचा होता. बोरीवलीकडच्या आणि मुलुंडकडच्या सातभाईंची अजून सोयरीक होते, की रस्त्याने ती तोडली, हे रक्तातल्या जनुकीय खुणांवरून, म्हणजे कुळाकुळात वेगळे दिसणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांवरून, आम्ही सांगायचं होतं. तुटली असेल तर रुंदीकरण थांबणार होतं.

"कोंबडीच्या खुणा तयार मिळतात ना? त्याच वापरा, झकास!" आमचे सर म्हणाले.

बाई भडकल्या. "कोंबडीच्या खुणेने सातभाई ओळखणार? सगळे सारखेच दिसतील ओ, सर!"

तेच झालं. खुणा कुचकामी होत्या, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. सरांनी मात्र निष्कर्ष काढला की पाखरं सगळी एकाच कुळातली, रस्त्याने काही बिघडत नाही.

"मेले तरी सही करणार नाही," बाई म्हणाल्या. अहवाल त्यांच्या सहीविना गेला.

मग त्या सातभाईच्याच रक्तातून नव्या खुणा शोधायला बसल्या. एक जमायची, चार फसायच्या. फसली की माझ्यावर खेकसायच्या, "बघतोस काय रे? बर्फ आण!" आणि थोड्या वेळाने स्वतःच्या डब्यातलं घावन माझ्यापुढे सरकवायच्या.

शेवटी खुणा जमल्या. दोन्हीकडची पाखरं वेगळी पडत चालली होती. सोयरीक तुटली होती. बाई धावतच सरांकडे गेल्या.

"आता काय उपयोग? अहवाल गेला," सर म्हणाले.

गेला म्हणजे काय? चुकीचा अहवाल परत मागवता येत नाही? तुम्हीच सांगा! पण मागवला नाही. बाईंचं कंत्राट संपलं, तेही वाढवलं नाही. मग बाई गावी निघून गेल्या.

परवा आमच्या सभागृहात पोस्टर लागलं. सातभाईच्या नव्या खुणा, संस्थेचं मोठं यश! सरांचं नाव ठळक, फोटो त्याहून मोठा. बाईंचं नाव शोधूनही सापडलं नाही. तिकडे जंगलात झाडं तोडायला सुरुवात झाली आहे. माझा नुसता संताप होतो.

एका थेंबासाठी बाई पाखराची माफी मागायच्या. त्यांची सगळी मेहनत काढून घेतली, तरी इथे एकाच्याही तोंडून 'माफ करा' निघालं नाही.